थोरलीच्या भिंतीवरची पेटी

चारा धुतल्याशिवाय गाईंपुढे टाकायचा नाही, हे गावाशेजारी खडीचं क्रशर आल्यापासून थोरलीच्या अंगवळणी पडलं होतं. रानातून कापून आणलेला भारा ती अंगणातल्या हौदाशी सोडायची, मूठमूठ गवत पाण्यात खळबळायची, झटकायची आणि दगडावर निथळत ठेवायची. पहिल्या काही मुठींतच पाणी दुधाळ व्हायचं. खाली गाळ बसायचा, हाताला साबणासारखा गुळगुळीत लागायचा. हिवाळ्यात बोटं आखडून जायची.

पूर्वी ती बुडवायची आणि थोरला, तिचा नवरा, झटकायचा. मागच्या हिवाळ्यात असंच गवत झटकता झटकता तो हातातल्या मुठीसकट खाली बसला. "जरा थांब," म्हणाला. ती थांबली. नंतर तो काही बोललाच नाही. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. ना खोकला, ना विडी, ना कसलं व्यसन. चांगला धडधाकट माणूस. गाव चार दिवस हळहळलं आणि आपल्या कामाला लागलं. तेव्हापासून बुडवायचं आणि झटकायचं, दोन्ही तिच्याचकडे आलं.

घर एकच होतं, मधून वाटून घेतलेलं. रस्त्याकडची बाजू थोरलीची, मागची तिच्या दिराची, धाकट्याची. अंगण आणि हौद सामाईक. धाकटा क्रशरवर होता. फोडलेली खडी ज्या पट्ट्यावरून वर जाते, त्या पट्ट्याला वंगण द्यायचं आणि कुठं दगड अडकला की लोखंडी शिडीवरून चढून तो मोकळा करायचा, हे त्याचं काम. संध्याकाळी घरी आला की भुवयांपासून बुटांपर्यंत एकाच रंगाचा दिसायचा. त्याची बायको, धाकटी, त्याला अंगणातच उभा करून पाणी ओतायची. त्यांची एकुलती मुलगी शहरात नर्सिंग शिकत होती. थोरलीला मूल नव्हतं. ती पोर निम्मी तिच्याच मांडीवर वाढलेली.

हिवाळ्याच्या तोंडाला एक मुलगी स्कूटरवरून आली. पाठीला मोठी पिशवी, गळ्यात सरकारी ओळखपत्र. ओळीतल्या सगळ्या घरांची दारं वाजवून झाल्यावर ती थोरलीच्या दारात उभी राहिली. कुणीतरी हाकलल्यासारखा चेहरा झाला होता तिचा.

"मावशी, हवा मोजायची एक पेटी आहे. भिंतीवर लावायची. वीज लागते थोडी, तिचं आम्ही बघू. मी आठवड्यातून एकदा येऊन आतली हवा गाळणारी चकती बदलणार. बाकी तुम्हाला काही त्रास नाही."

"बाकीचे काय म्हणाले?"

"नको म्हणाले."

"मग माझ्याकडेच कशी आलीस?"

"तुमचं शेवटचं घर," मुलगी म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

थोरलीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून गालही अवघडल्यासारखे झाले. तिनं मुलीला पाणी दिलं. "दर आठवड्याला येशील?"

"यावंच लागेल."

"लाव मग."

मुलीनं स्टुलावर चढून, भोकं पाडून, क्रशरच्या दिशेला तोंड करून पेटी टांगली. पेटी बारीक आवाजात गुणगुणू लागली. थोरली कितीतरी वेळ खाली उभी राहून ते ऐकत होती. घरात दुसरा आवाज नव्हताच.

संध्याकाळी धाकटा अंग न धुताच तिच्या दारात आला.

"वहिनी, कुणाला विचारून लावलीत ती?"

"भिंत माझी आहे, भाऊजी."

"भिंत तुमची, पण बोलणी मला बसतात. मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, तुझ्या घरावर आमच्या नावानं पेटी टांगलीय, आता तू आमचा की त्यांचा? सगळे चहाला गेले आणि मला खालचा खड्डा उपसायला लावला. एकट्याला." बोलता बोलता त्याला दम लागला. चौकटीला हात टेकून त्यानं श्वास घेतला. "आकडा वाईट आला तर क्रशर बंद करतील, म्हणतात. काढून टाका."

"दर आठवड्याला कुणीतरी माझं दार वाजवणार आहे," थोरली म्हणाली. "तेवढं राहू द्या."

भावजयीला उलट बोलायची धाकट्याला सवय नव्हती. चौकटीवर त्याच्या पंजाचा करडा ठसा राहिला, तो तिनं नंतर ओल्या फडक्यानं पुसला.

मग एकेक सुरू झालं. नाक्यावरचा हॉटेलवाला, जो थोरल्याच्या वेळेपासून तिच्याकडचं दूध घेत होता, तो किटलीकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून नको दूध."

"का? माझ्या दुधानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"तुमच्यावर राग नाही हो. पण माझं गिऱ्हाईक सगळं डंपरवाल्यांचं. ते म्हणतात, त्या बाईच्या दुधाचा चहा नको. मी काय करू? पाण्यात राहून माशाशी वैर?"

ओळीतल्या घरांनीही हळूहळू भांडी पाठवणं बंद केलं. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. ती आली की ओळीच्या सामाईक नळावरच्या बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि तिची कळशी भरेपर्यंत आपापल्या बादल्यांकडे बघत राहायच्या. दूध उरायला लागलं. तिनं दही लावलं, तूप केलं, वासराला जास्त सोडलं. एकट्या बाईनं किती खायचं? शेवटी एक दिवस आंबलेलं दही तिनं परसात ओतलं, आणि स्वतःलाच करंटी म्हणून घेतलं.

धाकटीनं अंगणात मधोमध पत्रे उभे केले. गाईंचं शेण-मूत आमच्या बाजूला येतं, असं कारण सांगितलं. गाई तिथं सासऱ्यांच्या काळापासून होत्या. हौद थोरलीच्या बाजूला राहिला, धुण्याचा दगड धाकटीच्या. पत्र्यापलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, नवऱ्याच्या अंगावर पाणी ओतल्याचा आवाज यायचा, त्याचा खोकला यायचा. माणसं तेवढी दिसत नव्हती.

पेटीवाली मात्र न चुकता यायची. पेटी उघडून आतली चकती चिमट्यानं काढायची. लावताना कागदासारखी पांढरीशुभ्र असलेली चकती निघताना काजळलेली असायची. ती डबीत ठेवून, दुसरी लावून पोर ओसरीवर बसायची. थोरली तिला पेलाभर दूध द्यायची आणि ती पिईपर्यंत समोर बसून राहायची.

"मी वैरण धुते रोज," थोरलीनं एकदा सांगितलं. "तरी गाईंच्या नाकाला धूळ असतेच."

"तुम्ही धुता ती जाडी पूड, मावशी. ती नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. तिच्याहून वाईट ती, जी दिसत नाही. क्रशरची बारीक भुकटी, डंपरचा धूर, जनरेटरचा धूर. केसाहूनही कितीतरी बारीक. ती छातीत उतरते आणि तिथून रक्तात. एका दिवसात काही होत नाही. वर्षानुवर्षं जात राहते. मग कुणाची फुप्फुसं जातात, कुणाचा मेंदू, कुणाचं हृदय."

थोरली पुढे सरकली. "खोकला नसला तरी?"

"नसला तरी."

"मग आमचे हे त्यानंच गेले."

मुलीनं पेला खाली ठेवला. तिला खोटं बोलता येत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "असं म्हणता येत नाही, मावशी."

"का? आत्ताच तर म्हणालीस."

"एका माणसाचं सांगता येत नाही. हजारो माणसं वर्षानुवर्षं बघून एवढं कळलंय, की हवा जितकी वाईट तितकी मरणं वाढतात. एखाद्या गावात एरवी जितकी माणसं गेली असती, त्याहून जास्त जातात. पण त्यातलं जास्तीचं कोण आणि तसंही गेलं असतं ते कोण, हे निवडून दाखवता येत नाही. कुणालाच नाही."

"म्हणजे तुम्हाला मरणं मोजता येतात. माणूस ओळखता येत नाही."

"हो."

"माझा तर एकच होता," थोरली म्हणाली.

मग थोरलीनं, जे वर्षभर कुणाला विचारलं नव्हतं, ते हळूच विचारलं. "मी गवत बुडवायचे. झटकायचं काम त्यांच्याकडे होतं. रोज. त्यानं तर नसेल झालं?"

"नाही मावशी. ओलं गवत झटकून काही होत नाही. खरंच नाही."

थोरलीनं मान हलवली. मुलगी गेल्यावर तिनं तिचा पेला धुतला, आणि तो बाकीच्या भांड्यांत न घालता वेगळा पालथा घातला.

मग वारा पडला. दिवसचे दिवस पान हलत नव्हतं. सकाळी धूर आणि धूळ मिळून रस्त्यावर अशी बसायची, की समोरून येणारा माणूस आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. गाई उभ्या जागी माना हलवायच्या. थोरलीचे डोळे चुरचुरायचे, घशात सतत काहीतरी असल्यासारखं वाटायचं.

त्याच दिवसांत एका दुपारी विळ्याची मूठ निखळली म्हणून ती रानातून अर्ध्या भाऱ्यानिशीच परत आली. पाहते तर धाकटी तिच्या भिंतीशी स्टुलावर चढलेली. पेटीच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी ओढून सुतळीनं बांधत होती.

"खाली उतर," थोरली म्हणाली. "त्या स्टुलाचा पाय हलतो. पडशील."

धाकटी दचकली, पण उतरली नाही. गाठ पूर्ण करून मगच खाली आली.

"कधीपासून करतेस?"

"चार-पाच दिवस झाले. दुपारी बांधते, संध्याकाळी तुम्ही दारात बसायच्या आधी काढते." तिनं हात झटकले. "ओरडा. सगळ्या ओळीला ऐकू जाऊ दे."

"मी कशाला ओरडू?"

"तुम्हाला गाई आहेत, जाऊबाई. माझ्या घरात क्रशरशिवाय काय आहे? पोरीचं शिक्षण अर्ध्यावर आहे. बंद पडलं तर तिला परत बोलावू? आणि त्या पेटीत मोठा आकडा आला म्हणून दादा उठून परत येणार आहेत?"

"नाही येणार," थोरली म्हणाली. भारा अजून तिच्या डोक्यावरच होता. "पण तुझा नवरा तिथं उभा असतो."

"मला सांगता?" धाकटीचा आवाज एकदम खाली आला. "आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नाही. भिंतीला टेकून बसून झोपतात. मी शेजारी असते, जाऊबाई. मला दिसतं. दिसतं म्हणून काय करू? कुठं नेऊन ठेवू त्यांना?"

थोरलीनं भारा उतरवला, स्टुलावर चढली आणि पिशवी सोडली. धाकटी बघत उभी राहिली, मग पत्र्याला वळसा घालून आपल्या बाजूला गेली.

त्या आठवड्यात पेटीवालीनं चकती काढली आणि उजेडात धरली. "हे कसं? वारा तर नव्हता. इतकी फिकी कशी?"

पत्र्यापलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"दुपारी तिच्यावर पिशवी होती," थोरली म्हणाली. "चार-पाच दिवस. धुऊन वाळत टाकली होती मी तिथं. माझ्या लक्षात आलं नाही."

मुलीनं तिच्याकडे पाहिलं, मग पत्र्याकडे. "मग ही धरता येणार नाही. हा आठवडा वाया गेला."

"दुसरी लाव. आता नाही पडणार पिशवी."

खरंच पडली नाही. धाकटीनं पुन्हा पेटीला हात लावला नाही. पण ती बोललीही नाही. नळावर भेटली तरी पाण्याच्या धारेकडे बघत राहायची.

हिवाळा सरताना शाळेच्या मोठ्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. पेटीवालीबरोबर तिचे साहेब आले होते. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, की इथली हवा असायला हवी त्याच्या कितीतरी पट वाईट आहे, ती सगळा हिवाळा तशीच होती, आणि अशा हवेत दरवर्षी काही माणसं अशी जातात, जी एरवी इतक्यात गेली नसती.

मुकादम भिंतीला टेकून उभा होता. "कोण ती माणसं? नावं सांगा."

"नावं सांगता येत नाहीत. हा सरासरीचा हिशेब असतो."

"म्हणजे माणसं मेली, पण कोण ते माहीत नाही," मुकादम म्हणाला. "असं मयत आम्ही अजून पाहिलं नाही बुवा."

खोली हसली. मुकादमानं हसता हसता मागच्या रांगेकडे पाहिलं, तसा तिथं बसलेला धाकटाही हसला. हसताना त्याचा श्वास अडकला आणि तो पुढे वाकून खोकत राहिला. कुणीतरी त्याच्या पाठीवर थापटलं.

थोरलीच्या तोंडाशी एक नाव आलं होतं. उठून तेवढं एक नाव सांगावं आणि बसावं, असं तिच्या मनात दाटून आलं. पण ते खरं आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, हे त्या पोरीनं तिच्याच ओसरीवर बसून तिला सांगितलं होतं. तिनं पेटीवालीकडे पाहिलं. पोर मान खाली घालून बसली होती. थोरलीही बसून राहिली. एवढ्या माणसांत तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, थोरल्याला पोचवून रिकाम्या घरात आली त्या दिवशीसुद्धा नाही.

क्रशर बंद पडलं नाही. फाटकापाशी हिरवी जाळी लागली, पाण्याचे फवारे बसले. साहेब लोक येणार असले की फवारे चालायचे. पेटीवालीनं पेटी उतरवली, तिला आता दुसऱ्या गावी लावायचं होतं.

"येईन मावशी, इकडे आले की."

"ये," थोरली म्हणाली. ती येणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

पेटी गेल्यावर हॉटेलवाला एका सकाळी म्हणाला, "आता आणा की दूध. झालं गेलं गंगेला मिळालं." तिनं आणलं. नळावरच्या बायका पुन्हा बोलायला लागल्या, हवापाण्याचं, भाजीचं. तीही हं हं म्हणायची. पण ज्यांनी एवढे दिवस आपल्याशी अबोला धरला, त्यांच्याशी पहिल्यासारखं बोलायला तिची जीभ वळत नव्हती.

उन्हं तापायला लागली होती. एका दुपारी ती गोठा झाडत असताना दारात सावली पडली. धाकटा. या वेळेला तो कधी घरी नसायचा. तो गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला.

"वहिनी, शिडी चढवत नाही," तो म्हणाला. "अर्ध्यात गेलो आणि उतरलो. मुकादमाला म्हटलं, पोट बिघडलंय." धुळीच्या थरावरून घामाचे ओघळ आले होते आणि ते पुसायलाही तो हात उचलत नव्हता. "जबडा दुखतोय. दातासारखा. तिला सांगू नका."

थोरलीनं हातातला झाडू टाकला. पत्र्यापाशी जाऊन तिनं मुठीनं तो दणादणा वाजवला. "बाहेर ये. आहेस तशी ये. ह्यांना न्यायचंय."

दुधाच्या टेम्पोत दोघींनी त्याला मधे धरून बसवलं. सगळ्या वाटेवर थोरली त्याच्याशी बोलत होती. गाईचं, वासराचं, पोरीचं, जे सुचेल ते. तो गप्प झाला की ती त्याच्या दंडाला चिमटा काढायची. "बोला भाऊजी. थांबायचं नाही. बोला."

तो वाचला. वेळेत आणलात, असं डॉक्टर म्हणाले. हृदयाची नस तुंबली होती, ती मोकळी केली. यापुढे ओझं नाही, चढणं नाही. "आणि धूळ टाळा," एवढं सांगून ते पुढच्या खाटेकडे गेले.

"धूळ टाळा," धाकटी बाहेरच्या बाकावर बसत म्हणाली. "कुठली टाळू? दाराबाहेरची की दाराआतली?"

थोरली तिच्या शेजारी बसली. समोरून चाकाच्या खुर्च्या जात-येत होत्या. धाकटी म्हणाली, "त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?"

"तिला नाव नको होतं. चकती का फिकी, तेवढंच हवं होतं."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं नाही. पण बाकावर टेकलेला तिचा हात सरकत सरकत थोरलीच्या हाताला लागला आणि तिथंच राहिला.

घरी आल्यावर धाकटीनं स्वतःच पत्रे काढले. धाकट्याची खाट अंगणात आली. थोरली म्हणाली, एक गाय घेऊन टाक, दूध वाढलं की दोघींचं भागेल. "एका गाईवर नर्स होत नाही, जाऊबाई," धाकटी म्हणाली. मुकादमाकडे ती कधी जाऊन आली, हे कुणाला कळलं नाही. शिडीचं काम बाईला देत नाहीत. पट्ट्याखाली उभं राहून खडीतले माती-मुरमाचे गोळे वेचून काढायचं काम होतं, ते त्यानं दिलं. देताना म्हणाला म्हणे, तुम्ही आपल्या माणसाच्या घरच्या, नाही कसं म्हणू.

पहिल्या दिवशी ती नवऱ्याचा शर्ट घालून अंगणात आली. त्याचेच बूट, आत कापडाचे बोळे कोंबलेले. खाटेकडे न बघता तिनं केस घट्ट बांधले. मग थोरलीपाशी येऊन म्हणाली, "ह्यांची गोळी जेवणानंतर. विसरतात. उठून फिरायला लागले तर ओरडा."

थोरलीच्या मनात खूप होतं. जाऊ नकोस म्हणावं, पोरीला कळलं तर ती काय म्हणेल ते म्हणावं. ती म्हणाली, "डबा घेतलास?"

"घेतला."

मोठ्या बुटांमुळे पाय ओढत ती रस्त्याला लागली. सकाळचे डंपर सुरू झाले होते. एक गेला, त्याच्यामागे सगळं करडं झालं, आणि ते खाली बसेपर्यंत ती वळणापलीकडे गेली होती.

"गेली?" धाकट्यानं खाटेवरून विचारलं.

"गेली."

थोरलीनं स्टूल ओढलं आणि त्याच्याजवळ बसली. थोड्या वेळानं क्रशरचा जबडा घरघरला, मग त्याच्या मागोमाग पट्ट्याचा चिरका आवाज आला. धाकटा मान उचलून ऐकत राहिला.

"पट्टा सुरू झाला," तो म्हणाला. "तिला उजव्या अंगाला उभी केली असेल. नव्या माणसाला तिकडेच देतात. सगळी भुकटी तिकडेच उतरते."

तो ऐकत राहिला, आणि थोरली त्याच्या छातीच्या वरखाली होण्याकडे बघत बसली.